मनिऑर्डर आणि सामाईक सातबारा : रत्नागिरीच्या कुटुंबाची दीडशे वर्षे

कोकणातील एकत्र कुटुंब आधुनिकतेच्या रेट्याखाली मोडले, ही समजूत महाराष्ट्रात इतकी रुळली आहे की ती तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. पूर्वी एका छपराखाली चार भाऊ नांदत. मग गिरण्या आल्या, रस्ते आले, रेल्वे आली आणि घरे रिकामी झाली, असा तिचा आशय असतो. रत्नागिरी जिल्ह्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास नीट पाहिला तर घटनांचा क्रम निराळा दिसतो. कर्ते पुरुष मुंबईत, बायका, मुले आणि म्हातारी माणसे गावात, जमीन सामाईक, चूल बहुधा एक आणि वर्षातून एकदोन वेळा सगळ्यांचे एकत्र येणे, असे जे कुटुंब आज परंपरागत म्हणून आठवले जाते, ते गिरणी, आगबोट आणि पोस्ट यांच्याच काळात आकाराला आले. मुंबईच्या रोख मजुरीने ते मोडण्याऐवजी तीनचार पिढ्या टिकवून धरले, आणि पुढे ते विरू लागले तेव्हा त्याची कारणेही वेगळीच होती.

या घडणीचे मूळ जमिनीत आहे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील या अरुंद पट्ट्यात सपाट भातखाचरे थोडी आणि जांभ्या दगडाचे सडे व डोंगरउतार फार. उतारावरील हलक्या जमिनीला वरकस म्हणतात. तिच्यात नाचणी, वरी यांसारखी पिके आलटून पालटून घ्यावी लागतात आणि मध्ये काही वर्षे ती पड ठेवावी लागते. पाऊस मुबलक असला तरी तो चार महिन्यांत येऊन समुद्राला मिळतो, त्यामुळे दुसरे पीक क्वचितच निघते. या तुटपुंज्या उत्पन्नावर खोतीचा भार होता. खोत म्हणजे गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी वंशपरंपरेने घेतलेला मध्यस्थ, आणि त्या बदल्यात कुळांकडून धान्याच्या रूपाने वाटा घेण्याचा हक्क असलेला गावमालक. भाताच्या पिकाचा निम्मा वाटा घेण्याच्या पद्धतीला अर्धेल आणि वरकस पिकाच्या तिसऱ्या वाट्याला तिरधेल म्हणत. यांखेरीज वेठ, म्हणजे मोबदल्याविना करावे लागणारे काम, होतेच. १८८० च्या खोती कायद्याने या संबंधांना लेखी चौकट दिली, परंतु कुळाच्या घरात धान्य वर्षभर पुरत नसे ही स्थिती त्या चौकटीने बदलली नाही. अशा गावात चार भावांचे एकत्र राहणे ही सुबत्तेची खूण मानता येत नाही. खाचराचे आणखी तुकडे परवडत नव्हते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

गाव सोडण्याची वाट गिरण्यांच्या आधीच पडलेली होती. अठराव्या शतकात चित्पावन घराण्यांतील पुरुष पेशव्यांच्या आश्रयाने घाटावर गेले आणि त्यांतील अनेकांनी मूळ गावाशी, कुलदैवताशी आणि आगराशी संबंध राखला. १८१८ नंतर दापोलीला लष्करी छावणी वसली, मुंबई इलाख्याच्या पलटणींत दक्षिण कोकणातील मराठे आणि महार मोठ्या संख्येने भरती झाले, आणि निवृत्त सैनिकांची वस्ती दापोली कॅम्पात वाढली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, आणि लष्करी नोकरी संपल्यावर तेही काही काळ दापोलीत राहिले. सरकारी पेन्शन हा कोकणातील अनेक गरीब घरांत दरमहा येणारा पहिला नियमित रोख पैसा होता, आणि त्याच पैशाने काही घरांत शाळेची पाटी आली. महारांची सैन्यभरती १८९० नंतरच्या वर्षांत बंद झाली तेव्हा त्या समाजाला केवढा धक्का बसला असेल, हे या पार्श्वभूमीवर नीट समजते.

१८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाल्यानंतर मात्र या वाटेचा रस्ता झाला. १८८० च्या मुंबई गॅझेटिअरचा रत्नागिरीवरील खंड वाचताना जिल्ह्याचे मुंबईवरचे अवलंबन स्पष्ट दिसते. शेतीचे काम संपल्यावर माणसे मुंबईला जात आणि पेरणीच्या सुमारास परत येत. हळूहळू हंगामी जाणे बारमाही झाले. गिरण्या, गोदी, पोलीसदल, पोस्ट, छापखाने आणि सधन घरांतील घरकाम अशा सगळ्या ठिकाणी रत्नागिरीकर दिसू लागले. कानातील बाळीवरून घरगड्यांना पडलेले ‘बाल्या’ हे नाव याच काळातले. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहराच्या पावणेबारा लाखांच्या आसपास असलेल्या लोकसंख्येत सुमारे पाचवा हिस्सा एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांचा होता, आणि त्या काळच्या रत्नागिरीत आजच्या सिंधुदुर्गाचाही काही भाग येत असला तरी हे प्रमाण विलक्षणच म्हणावे लागेल.

या स्थलांतराचे आर्थिक गणित समजून घेतल्याखेरीज त्यातून घडलेले कुटुंब कळत नाही. गिरणीतील मजुरीवर एका माणसाचा शहरातील खर्च कसाबसा भागे आणि थोडे मागे पडे. बायको, मुले आणि आईवडील यांना मुंबईत ठेवता येईल इतकी ती क्वचितच असे. बाळंतपण, मुलांचे संगोपन, आजारपण, बेकारी आणि म्हातारपण यांचा भार मालकाने उचलला नाही, सरकारनेही फारसा उचलला नाही. तो गावातल्या घराने उचलला. गिरणीला स्वस्त मजूर मिळत होता, कारण त्याला लहानाचा मोठा करण्याचा आणि थकल्यावर सांभाळण्याचा खर्च कोकणातील नाचणीच्या वाफ्यावर पडत होता. म्हणून मुंबईच्या उद्योगाला एकत्र कुटुंब हवेच होते. भावांपैकी दोघे गेले तर तिसऱ्याने राहून शेती पाहायची, गेलेल्यांच्या बायका सासूच्या हाताखाली नांदायच्या, आणि पैसा वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावे यायचा, ही व्यवस्था त्या गरजेतून पक्की झाली.

पैसा येण्याचे साधन म्हणजे मनिऑर्डर. १८८० पासून हे काम पोस्टखात्याकडे आले, आणि पुढील शंभर वर्षे रत्नागिरीच्या खेड्यांत पोस्टमनच्या येण्यावर वाण्याची उधारी, शाळेची फी आणि खोताचे देणे अवलंबून राहिले. जिल्ह्याच्या संदर्भात ‘मनिऑर्डरची अर्थव्यवस्था’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो यामुळेच. मनिऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी चार ओळींचा मजकूर लिहिण्यापुरती जागा असे. नवराबायकोचा कित्येक महिन्यांचा संवाद त्या जागेत मावे, आणि तोही पुष्कळदा पोस्टमनकडून किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाकडून सगळ्यांसमोर वाचून घ्यावा लागे. पैसे घेण्यासाठी अंगठा सासऱ्याचा किंवा सासूचा लागे. सुनेला नवऱ्याची कमाई त्यांच्या हातूनच दिसे.

या स्त्रियांचे श्रम कोकणाच्या इतिहासात पुरेसे नोंदले गेलेले नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे. भाजवळ, म्हणजे पेरणीपूर्वी शेतात पालापाचोळा व शेण पसरून जाळणे, त्यानंतर लावणी, बेणणी, कापणी आणि झोडणी, त्यांच्या जोडीला गुरे, पाणी, सरपण आणि बाजाराची चालत केलेली वाट, हे सगळे त्यांनी ओढले. नांगर धरायला पुरुष लागे, म्हणून शेजारच्या घरातला पुरुष नांगरटीला बोलवायचा आणि त्याच्या लावणीला आपण जायचे, अशी श्रमांची अदलाबदल होती. पुरुषाच्या अनुपस्थितीत घर चालवणाऱ्या या बाईला कर्तेपण आले, पण अधिकार आला नाही. जमीन तिच्या नावे नव्हती, पैसा तिच्या नावे येत नव्हता, आणि दीर काय म्हणेल याचा विचार तिला दर वेळी करावा लागे.

मुंबईत गेलेल्या पुरुषांनीही गाव सोडले असे म्हणता येणार नाही, कारण ते गाव बरोबर घेऊनच गेले. लालबाग, परळ, शिवडी, डिलाईल रोड या गिरणगावातील चाळींत एका गावाच्या किंवा एका वाडीच्या माणसांनी मिळून खोली घ्यायची, भाडे वाटून घ्यायचे आणि पाळ्यांप्रमाणे झोपायचे, अशी रीत होती. या खोल्यांना गावकीच्या खोल्या म्हणत. जेवणाची सोय खानावळवालीकडे असे, आणि ती बहुधा आपल्याच मुलखातील, पुष्कळदा विधवा किंवा परित्यक्ता स्त्री असे. नव्या पोराला गिरणीत लावून देणे, आजाऱ्याला बोटीत बसवून देणे, मेलेल्याचे क्रियाकर्म करणे, हे सगळे खोली पाहत असे. एखाद्याने दारूच्या नादी लागून घरी पैसे पाठवणे बंद केले तर त्याला जाब विचारणारेही तिथेच असत. गावात भावकी, म्हणजे एका मूळपुरुषाचे वंशज, जे नियंत्रण ठेवी तेच शहरात गावकीने ठेवले. यात आधार होता तसा जाचही होता, आणि जातीच्या भिंती खोल्यांच्या भिंतींइतक्याच पक्क्या होत्या.

या नियंत्रणाची धार किती तीव्र असू शकते याचे सर्वांत ठळक उदाहरण दापोली तालुक्यातील मुरुडचे आहे. धोंडो केशव कर्वे यांनी गावाबाहेर नोकरी करणाऱ्या मुरुडकरांकडून वर्गणी गोळा करून गावाच्या कामांसाठी ‘मुरुड फंड’ उभा केला होता. पुढे विसाव्या शतकात गावोगावच्या मुंबईकर मंडळांनी जे केले त्याचा हा पूर्वावतार मानता येईल. त्याच कर्व्यांनी १८९३ साली देवरूखच्या गोदूबाई जोशी या विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरुडकरांनी सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार टाकला आणि त्यांना घरात घेणाऱ्या भावालाही वाळीत टाकण्याचे ठरवले. पुण्यात नोकरी, छापील नियतकालिकांतून चालणारी चर्चा आणि पंडिता रमाबाईंचे विधवांसाठीचे शारदा सदन या नव्या संस्था नसत्या तर हा विवाह घडणे अवघड होते; पण आई आणि भाऊ गावात असल्यामुळे गावाचा हात पुण्यापर्यंत पोहोचत होता. या घराण्याची सून इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातील नातेसंस्थांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, हा योगायोगही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

कुटुंब आणि कमाई यांच्या नात्यात कायद्यानेही हस्तक्षेप केला. हिंदू एकत्र कुटुंबाच्या जुन्या न्यायानुसार, कुटुंबाच्या खर्चाने शिकलेल्या माणसाने विद्येच्या बळावर मिळवलेला पैसा कुटुंबाचा की त्याचा, हा वाद न्यायालयांत वारंवार येत असे. १९३० च्या विद्याधनविषयक कायद्याने तो निकाली काढला : शिक्षण कोणाच्याही पैशाने झालेले असो, त्यातून आलेली मिळकत मिळवणाऱ्याची स्वतःची. कारकून, वकील, शिक्षक झालेल्या भावाला या कायद्याने वेगळे होण्याची मोकळीक मिळाली, आणि ज्याने त्याच्या शिक्षणासाठी गावात राहून शेती केली त्या भावाचा दावा कायद्याच्या दृष्टीने संपला. मध्यमवर्गीय घरांत भाऊबंदकीचे कारण जमिनीवरून पगारावर सरकले ते या सुमारास.

कुळांच्या घरांत याच काळातले कायदे नेमक्या उलट्या दिशेने काम करत होते. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. गिरणगावातील रत्नागिरीकर कामगाराला हा लढा परका नव्हता, कारण गावात तो किंवा त्याचा भाऊ खोताचे कूळच होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कुळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणाऱ्या कुळांना जमिनीची मालकी मिळण्याचा मार्ग खुला झाला. मात्र हक्क सिद्ध व्हायचा तर वहिवाट, म्हणजे प्रत्यक्ष कसण्याचा ताबा, दाखवावी लागे. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्यासाठी घाम गाळला ते खाचर ऐन वेळी हातचे जाऊ नये म्हणून घरातले कोणीतरी गावात राहून नांगर चालू ठेवणे भागच होते. मुंबईत पक्की नोकरी असतानाही बायकोला गावी ठेवणाऱ्या कामगाराला केवळ रूढिप्रिय म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल.

गावाचे घर आसरा म्हणून किती खरे होते ते संकटाच्या वेळी दिसे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा गिरणीकामगार मोठ्या संख्येने गावाकडे निघाले, आणि जहाजांनी माणसांबरोबर रोगही किनाऱ्यावर नेला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप लांबत गेला तसे अनेकजण गावी येऊन राहिले, आणि ज्या घराला ते इतकी वर्षे पैसे पाठवत होते त्याच घराच्या भातावर त्यांनी दिवस काढले. त्यांतील बहुतेकांच्या नोकऱ्या परत आल्या नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा तीच वाट भरली; पण या वेळी गावच्या शाळांत विलगीकरणात बसलेल्या चाकरमान्यांना, म्हणजे नोकरीसाठी मुंबईत राहणाऱ्या कोकणवासीयांना, पूर्वीइतक्या सहज ओटीवर घेतले गेले नाही, अशी वेदना त्या वेळी अनेकांनी बोलून दाखवली. साथीचे भय हे त्याचे एक कारण. दुसरे कारण, मधल्या चाळीस वर्षांत घरांचा अर्थ बदलला होता.

हा बदल जनगणनेच्या आकड्यांत वाचता येतो. रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १९९१ साली १,२०५, २००१ साली १,१३६ आणि २०११ साली १,१२२ स्त्रिया होत्या. प्रमाण उतरत गेले ते पुरुष परतल्यामुळे असे म्हणता येत नाही, कारण याच काळाच्या अखेरच्या दशकात जिल्ह्याची एकूण लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. स्त्रियाही निघाल्या, हाच त्याचा सरळ अर्थ. विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवली या उपनगरांत लहान का होईना स्वतःची खोली घेता येऊ लागली, मुलांना इंग्रजी शाळा हवी झाली, आणि सासूच्या हाताखाली पंधरा वर्षे एकटीने काढायला नव्या सुनेने नकार दिला. या नकाराकडे ऱ्हासाची खूण म्हणून पाहणाऱ्यांनी आधीच्या पिढ्यांतील बायकांनी काय सोसले ते आठवावे. पतिपत्नी आणि मुले एकत्र राहणे ही आधुनिकतेची एक साधी, उशिरा मिळालेली देणगी होती. तिची किंमत गावातल्या म्हाताऱ्यांनी मोजली, हेही तितकेच खरे, आणि ती किंमत अजून मोजली जात आहे.

मुसलमान घरांत हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने घडली. दापोली, खेड, चिपळूण, राजापूर या तालुक्यांतील कोकणी मुसलमान जहाजांवर खलाशी म्हणून पूर्वीपासून जात. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनमध्ये त्यांची वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आहे. १९७० नंतर आखाती देशांची दारे उघडली आणि मनिऑर्डरची जागा बँकेच्या ड्राफ्टने घेतली. खाडीकाठी मोठी चिरेबंदी घरे उठली, पण आखातात कुटुंब नेण्याची परवानगी कमी पगाराच्या कामगाराला नसल्यामुळे बायकामुले मागे राहण्याची रीत तिथे आणखी दोन पिढ्या चालू राहिली.

सणांचे रूपही वाहनांच्या वेळापत्रकाने घडवले. आगबोटी पावसाळ्यात बंद असत, त्यामुळे गणेशचतुर्थी लवकर आली की हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी या बंदरांत उतरून घरी जाण्याची सोय नसे. मुंबईकराची हक्काची मोठी खेप शिमग्याची किंवा मे महिन्याची असे. आज चतुर्थीला लाखो माणसे एकाच आठवड्यात कोकणात उतरतात, हे दृश्य एस. टी. ने शक्य केले आणि २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण धावू लागलेल्या कोकण रेल्वेने विस्तारले. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते तेव्हा कोणत्या घराण्याला कोणता मान, कोणी पालखी खांद्यावर घ्यायची, कोणाच्या खळ्यात ती आधी नाचवायची, यांत जुन्या गावाची सगळी उतरंड साठवलेली असते. वर्षभर बंद असलेली घरे पालखीसाठी उघडतात. ग्रामस्थ मंडळ आणि मुंबई मंडळ यांच्यात तारखांवरून, मानावरून आणि देवळाच्या जीर्णोद्धाराच्या हिशेबावरून वाद होतात, ते कधी पोलिसांपर्यंत आणि तहसीलदारांपर्यंतही जातात. वाद होतो तोवर नाते आहे, असे जुनी माणसे मानतात आणि त्यात तथ्य आहे.

शेतीत मात्र रिकामी जागा लवकर भरली. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने वरकस जमिनींवर हापूस आणि काजूची कलमे उभी राहिली, आणि ज्या उतारावर एका घरातील दहा माणसे नाचणी लावत तिथे एक राखणदार पुरेसा झाला. हा राखणदार आज बहुधा नेपाळी असतो. मच्छीमार बोटींवरही नेपाळी कामगार आहेत. त्यांच्यातील अनेकांचे घरदार हिमालयाच्या पायथ्याच्या गावांत असते आणि पैसा तिकडे जातो. रत्नागिरी आता कोणाची तरी मुंबई झाली आहे.

घर आणि शेत दोन्ही सुटल्यावर भावकीला धरून ठेवणारा शेवटचा धागा म्हणजे सामाईक सातबारा. सातबारा म्हणजे जमिनीची मालकी आणि पीकपाणी दाखवणारा महसुली उतारा. रत्नागिरीत पिढ्यान्‌पिढ्या सरसनिरस वाटणी न झाल्यामुळे दोनचार गुंठ्यांच्या उताऱ्यावर वीसपंचवीस नावे सहज सापडतात, आणि त्यांतील एकाची संमती नसली तरी व्यवहार अडतो. महामार्गाचे रुंदीकरण, बागायतदारांची खरेदी आणि बंगल्यांसाठी वाढलेली मागणी यांमुळे हे उतारे गेल्या तीस वर्षांत एकाएकी मोलाचे झाले. ज्या चुलत्यांची तोंडओळखही उरली नव्हती ते वारसनोंदीसाठी एकमेकांचे पत्ते शोधू लागले. याच काळात मुलींचा हक्कही कायद्याने आला : महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला. गौरीला माहेरवाशीण म्हणून येणारी बहीण आता उताऱ्यावरची हिस्सेदारही झाली, आणि हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा भावांच्या नावे सोडून देणारा दस्त, तिच्यापुढे ठेवला जाऊ लागला. अनेकजणी सही करतात, कारण सही नाकारली तर माहेर तुटेल असे त्यांना वाटते. काहीजणी करत नाहीत. त्यांचे नाव आजोबांच्या नावाखाली, चुलत भावांच्या रांगेत, गावच्या तलाठ्याच्या दप्तरात प्रथमच लागते.